रावणानुग्रह शिल्प, वेरूळ
कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे शिल्प. वेरूळच्या लेणी क्र. १६ मध्ये, म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (आठवे शतक) याच्या काळातील कैलास मंदिरात, ते दक्षिण बाजूस आहे. खाली खोल कोरलेल्या पोकळीत अनेक हातांचा रावण पर्वताला भिडला आहे. वर घाबरलेली पार्वती शिवाला बिलगते, दासी पळ काढते. शिव मात्र नुसत्या पायाच्या दाबाने पर्वत स्थिर करतो. शिल्पींनी रावणाला किरकोळ दाखवले नाही, हेच येथे महत्त्वाचे: त्याचे बळ खरे वाटते म्हणूनच शिवाची निश्चिंती डोळ्यांत भरते. हाच प्रसंग लेणी क्र. १४, २१ व २९ मध्येही आहे, पैकी क्र. १४ ‘रावण की खाई’ म्हणूनच ओळखले जाते.