दख्खनचे भूकंप व दप्तरांतील नोंदी

दख्खनची भूमि अचल आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळ काळ रूढ होता. हिमालयाच्या पायथ्याशीं, आसामांत किंवा कच्छांत पृथ्वी हालावी. सह्याद्रीचा काळा कातळ मात्र हालावयाचा नाहीं, असें लोक मानीत, आणि भूशास्त्रज्ञांचें मतहि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसें निराळें नव्हतें. या समजास पहिला जबर धक्का ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगर येथें बसला, व दुसरा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारी येथें. भूमि अचल असल्याचें अनुमान ज्या आधारांवर उभें होतें, त्यांत इतिहासाचा आधार एक होता : जुन्या नोंदी नाहींत, म्हणून जुने भूकंपहि नाहींत. हें अनुमान कितपत ग्राह्य आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतला आहे.

प्रथम संस्कृत ग्रंथांकडे वळूं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपलक्षणांस स्वतंत्र अध्याय दिला आहे. आरंभीं तो पूर्वाचार्यांचीं मतें सांगतो. समुद्रजलांत राहणाऱ्या महासत्त्वांमुळें पृथ्वी हालते, असें कोणी म्हणतात. भूभारानें थकलेल्या दिग्गजांचा निःश्वास हें कारण, असें दुसरे म्हणतात. वायूवर वायु आदळून भूमीवर पडतो, असें तिसरे. आणि प्राण्यांचें अदृष्ट हेंच कारण, असें चौथे. पुढें वायु, अग्नि, इंद्र व वरुण अशीं चार मंडलें कल्पून प्रत्येकास सात याप्रमाणें अभिजितासह अठ्ठावीस नक्षत्रें वांटून दिलीं आहेत.

हें वाचून हंसणें सोपें आहे. परंतु तें न्याय्य नाहीं. हाच वराहमिहिर पंचसिद्धान्तिकेंत पृथ्वीचा गोल लोहचुंबकांमध्यें राहिलेल्या लोखंडासारखा तारापंजरांत अधांतरीं असल्याचें सांगतो. अर्थात् दिग्गजांचें मत तो परंपरेचा अनुवाद म्हणून देतो, असें मानण्यास जागा आहे. शिवाय तिसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशीं, पक्षानें वा महिन्यानें कंप पुन्हा झाल्यास राजास अनिष्ट, असें जें फल त्यानें सांगितलें आहे, त्याच्या मुळाशीं मोठ्या धक्क्यामागून येणाऱ्या लहान धक्क्यांचें खरें निरीक्षण असावें असें आम्हांस वाटतें. तथापि इतिहासाच्या दृष्टीनें या अध्यायांत एक मोठी उणीव आहे. देशांचीं नांवें आहेत, पण तीं फलें सांगण्यासाठीं. अमुक शकांत अमुक गांवीं भूमि हालली, घरें पडलीं, अशी एकहि नोंद नाहीं. उत्पाताचें फल लिहावयाचें, उत्पात लिहावयाचा नाहीं, ही आपली जुनी रीति होय.

यानंतरची बहुचर्चित नोंद २६ मे १६१८, म्हणजे शके १५४०, ची आहे. त्या काळीं मुंबई व वसई हीं ठाणीं पोर्तुगीजांकडे होतीं. थॉमस ओल्डहॅम यानें जमविलेली हिंदुस्थानांतील भूकंपांची सूची त्याच्या मुलानें १८८३ त प्रसिद्ध केली. तींत या दिवशीं मुंबईस तुफान व भूकंप होऊन सुमारें २,००० माणसें व ६० गलबतें नष्ट झाल्याचें दिलें आहे. पुढील सूचीकारांनीं ही नोंद उचलली, आणि कांहीं सूचींत तर तिला परिमाणाचा अंकहि दिलेला आढळतो. आमच्या मतें येथें सावधपणा हवा. ज्येष्ठाच्या सुमारास, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, अरबी समुद्रांत चक्री वादळें होतात हें प्रसिद्ध आहे. गलबतें बुडणें हें वादळाचें लक्षण. समुद्राची लाट उठल्यावांचून भूकंपानें गलबतें बुडत नाहींत. तुफानांत गर्जना होते, घरें हादरतात व कोसळतात, आणि हादऱ्यास लोक सहज भूकंप म्हणतात. अलीकडील अनेक अभ्यासकांनींहि ही घटना वादळाचीच मानली आहे. प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. मुंबईसारख्या शहरास भूकंपाचें भय किती, हें ठरवितांना अशी एक नोंद गणितांत धरली वा वगळली, तर उत्तर बदलतें.

कोयनेच्या भूकंपानंतर जुन्या कागदांतील भूकंपाच्या नोंदींचें महत्त्व एकाएकीं वाढलें. आज शास्त्रज्ञांच्या सूचींत अठराव्या शतकाच्या मध्यांतील लोहगड व महाबळेश्वर या परिसरांतील धक्के दाखविलेले असतात. सूचींतील हीं स्थळें नकाशावर मांडून पाहिलीं, तर तीं पुण्याहून फार दूर नाहींत हें लक्षांत येईल. जेथें कारकून बसला होता, जेथून जासूद जात होते, तेथील धक्का कागदावर आला. यावरून भूमि तेथेंच हालत होती असें ठरत नाहीं. लेखणी तेथें होती, एवढेंच ठरतें.

याची कसोटी किल्लारीनें दिली. लातूर-धाराशिवचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील जुन्या भूकंपाची नोंद आमच्या सूचींत नव्हती, आणि १९९३ त प्रचलित असलेल्या भूकंपप्रवणतेच्या नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. ऑक्टोबर १९९२ त तेथें धक्के बसले, लोक घाबरले. पण नकाशा निश्चिंत होता. अनंत चतुर्दशीचें गणपतिविसर्जन आटोपून लोक निजले असतां पहाटे चारच्या सुमारास सुमारें ६.२ परिमाणाचा भूकंप झाला, व सात हजारांहून अधिक माणसें गेलीं. हें परिमाण जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें मध्यम होय. एवढा संहार झाला तो घरांमुळें. मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, आंतील व बाहेरील थर बांधणारा आरपार दगड नाहीं, आणि वर मातीचें जड माळवद. भिंत फुटली आणि माळवद निजलेल्यांवर आलें.

पुढें भूशास्त्रज्ञांनीं किल्लारी व तेर येथें जमिनीचे थर तपासले, आणि पूर्वींहि येथें भूकंप झाल्याच्या खुणा त्यांत असल्याचें मत मांडलें. तेर म्हणजे प्राचीन तगर. जें दप्तरांत नव्हतें तें मातींत होतें. २००२ च्या नकाशांत तो सर्वांत खालचा पट्टा काढूनच टाकण्यांत आला.

कोयनेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें १९६२ पासून जलाशय भरूं लागला आणि लवकरच धक्के जाणवूं लागले. १९६७ च्या सुमारें ६.३ परिमाणाच्या धक्क्यानें सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणास भेगा गेल्या, पण तें टिकलें. पाण्याचा भार व फटींत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनीं आधींच ताणलेले जुने भ्रंश सरकले, असें शास्त्रज्ञ मानतात. ताण मात्र पाण्यानें निर्माण केला नाहीं. भारताचें भूपट्ट वर्षास सुमारें पांच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयाखालीं रेटतें. त्या रेट्याचा अंश दख्खनच्या पोटांतील जुन्या भेगांतहि सांचतो. तो सांचण्यास शतकें, क्वचित् सहस्रकें लागतात. आमचें मराठी दप्तर तीन-चार शतकांचें. एवढ्या लहान मापानें एवढा दीर्घ काळ मोजूं पाहणें हाच मूळ दोष होय.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. नोंद असली म्हणजे भूकंप झालाच असें नाहीं, हें १६१८ वरून दिसतें; नोंद नसली म्हणजे भूकंप झालाच नाहीं असेंहि नाहीं, हें किल्लारीवरून. संशोधकानें दोहोंकडे सारखेंच कठोर असावें.

शेवटीं वाचकांस एक विनंति. घराण्यांच्या जमाखर्चांत देऊळ वा वाडा दुरुस्तीचा खर्च असतो. भटजींच्या पंचांगाच्या समासांत, कुलवृत्तांत, शांतिकर्माच्या यादींत ‘भूमिकंप’, ‘धरणीकंप’ असा एखादा शब्द येतो. असा कागद हातीं आल्यास मिति, वार, प्रहर व गांव यांसह त्याची अक्षरशः नक्कल मंडळाकडे पाठवावी. आपल्या तर्कानें त्यांत भर घालूं नये. आजवर असा शब्द किरकोळ म्हणून वगळला गेला असेल. पुढील पिढीनें घर कोठें व कसें बांधावें, हें अशा एका ओळीवरहि ठरूं शकतें.