काशीचा प्लॅन, साल १८५७

काशीला जायचं म्हटलं की आपण आधी ट्रेनचं तिकीट बघतो. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे काकांसोबत निघाले, तेव्हा डोक्यात पहिली गोष्ट होती घरावरचं कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं होतं. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, तीर्थयात्राही होईल. प्लॅन तसा पक्का होता.

वाटेतच बंड पेटलं. (बॅकअप प्लॅन वगैरे काही नाही बरं का!) फिरत फिरत दोघे झाशीला पोचले आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर घेतलं तेव्हा आतच अडकले. कत्तल डोळ्यांनी पाहिली. जवळचे पैसे लुटले गेले. इथून कोणीही सरळ घर गाठलं असतं. मी तर नक्कीच. विष्णुभट मात्र पुढे काशीला गेले, गंगेची कावड खांद्यावर घेतली आणि ती कोकणात घरी आणून आईवडिलांना त्या पाण्याने आंघोळ घातली.

हे सगळं त्यांनी नंतर लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, पुस्तकाचं नाव ‘माझा प्रवास’. वाचाच, फक्त झाशीचा भाग झोपायच्या आधी नको.