नदीपलीकडचा गोवा

तेरेखोल नदी गोव्याची उत्तर हद्द आखते. अलीकडे पेडणे, पलीकडे सिंधुदुर्ग. पण नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ही रेघ चुकते. पलीकडच्या काठावर एक लहानसा डोंगर आहे, डोंगरावर जांभ्या दगडाचा किल्ला आणि उतारावर थोडी घरं. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला नदी आणि उरलेल्या अंगांना महाराष्ट्र. तरीही हे तेरेखोल गाव गोव्याचं, आमच्या पेडणे तालुक्यातलं. गोव्यातून निघून गोव्यातच पोचायला इथे फेरीबोट लागते, नाहीतर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला उतरून महाराष्ट्रातून वळसा घ्यावा लागतो. ही रेघ अशी का वाकडी झाली, हे ठाऊक असल्याशिवाय तेरेखोल पाहिलं असं मी म्हणत नाही.

मी पेडण्याचा. मराठी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. डिचोलीला माझी मेहुणी असते. नाताळच्या सुट्टीत तिचं कुटुंब भाड्याची गाडी करून एक दिवस आमच्याकडे येतं आणि मग सगळे मिळून कुठेतरी जातो. मागच्या खेपेला तेरेखोल ठरलं. डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ, पेडणे. तिथून मला आणि बायकोला घेऊन कोरगाव, पालये आणि केरी. मेहुणीचा मुलगा कॉलेजात आहे. गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "काका, तिथे नजारा सोडून आहे काय?" प्रश्न सरळ होता. मी तिथूनच सांगायला सुरुवात केली.

केरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी खाली गेलं की बोटीचा फाळका धक्क्याला नीट टेकत नाही, गाडी चढवता येत नाही. बोटीवरचा माणूस ओळखीचा. म्हणाला, "मास्तर, सुकती आसा. मातशें रावात." आम्ही सुरूच्या झाडांखाली थांबलो. समोर पाणी, पाण्यापलीकडे किल्ला. माझ्या मते तेरेखोलचा इतिहास सांगायला हीच जागा सर्वांत योग्य, कारण किल्ला कशासाठी बांधला ते इथूनच कळतं. त्याच्या तटावरून मुखातून आत येणारं एकही गलबत लपत नाही.

आज ही नदी मासेमारीच्या होड्यांपुरती उरली आहे. पूर्वी ती वाट होती. सह्याद्रीतून उतरून ती बांद्यावरून येते, आणि बांदा हे आदिलशाहीच्या काळात नावाजलेलं व्यापारी गाव. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने किनाऱ्याचं वर्णन लिहिलं, त्यात बांद्याची नोंद आहे. घाटावरून उतरलेला माल नदीने समुद्रात जायचा आणि समुद्रावरचा माल नदीने वर चढायचा. मुखावरचा डोंगर ज्याच्या हाती, त्याच्या हाती या सगळ्या वाहतुकीची जकात. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी इथे किल्ला उभारला तो या हिशेबाने. मोठं सैन्य ठेवण्याची ही जागा नव्हेच. किल्ला आतून पाहिला की हे पटतं. दहा मिनिटांत फिरून होतो.

पोर्तुगीजांना हा डोंगर डोळ्यांत सलणं साहजिक होतं. १७४४ साली दों पेद्रु मिगेल द आल्मैदा नावाचा व्हाइसरॉय गोव्यात आला. याआधी त्याने ब्राझीलमध्ये सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा गव्हर्नर म्हणून कारभार केला होता. साम्राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवलेला कसलेला माणूस. १७४६ च्या मे महिन्यात त्याने सावंतांकडून आमच्याच तालुक्यातला शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला घेतला. पुढे डिचोलीवर चाल केली, आणि नोव्हेंबरात आरमारासह तेरेखोल घेतलं. पोर्तुगालच्या राजाने या पराक्रमाबद्दल त्याला नवा किताब दिला : मार्केज द आलोर्ना, म्हणजे हळर्णचा मार्क्विस. लिस्बनच्या एका उमराव घराण्याला पेडण्याच्या खेड्याचं नाव कायमचं चिकटलं. त्याची नात लेओनोर पुढे पोर्तुगीज भाषेतली मान्यवर कवयित्री झाली आणि मार्केझा द आलोर्ना या नावानेच ती तिथल्या वाङ्मयाच्या इतिहासात आहे. हळर्णच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी मी मुलांना घेऊन जायचो तेव्हा ही गोष्ट आवर्जून सांगायचो. आपल्या गावाचं नाव जगात कुठवर आणि कशामुळे पोचलं, ते मुलांना कळलं पाहिजे. ते लढाईमुळे पोचलं, हेही कळलं पाहिजे.

डिचोली सावंतांकडे परत गेली आणि १७८० च्या दशकात पुन्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात आली, ती कायमची. पेडणे त्यांना १७८८ साली मिळालं. कोल्हापूरकरांशी चाललेल्या वैरात सावंतांना पोर्तुगीजांची मदत हवी होती, त्या मदतीची ही किंमत. म्हणजे नदीपलीकडचं तेरेखोल पोर्तुगीजांनी आधी जिंकलं, आणि नदीअलीकडचं पेडणे त्यानंतर चार दशकांनी त्यांच्याकडे आलं. रेघ वाकडी आहे ती यामुळे. नकाशा काढणाऱ्याचा हात चुकलेला नाही. नव्या काबिजादीत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत, इथल्या लोकांच्या धर्माला आणि रीतीरिवाजांना हात न लावण्याचं धोरण पोर्तुगीजांनी पत्करलं होतं. म्हणून आमची देवळं जागच्या जागी राहिली. तेरेखोलच्या किल्ल्यात मात्र मधलं अंगण व्यापून सेंट अँथनीचं चर्च उभं आहे.

पाणी चढलं, गाडी बोटीत गेली. पार व्हायला काही मिनिटंच लागतात. वरच्या वाटेला काजूची झाडं आहेत. किल्ल्याच्या दारापाशी स्मारक आहे, तिथे मी सगळ्यांना थांबवलं.

या किल्ल्याने दोन वेळा तेव्हाच्या सत्तेविरुद्ध उठलेली माणसं पाहिली. पहिली वेळ १८३५ ची. नेवऱ्याचा बेर्नार्दु पेरिस द सिल्वा हा गोव्यात जन्मलेला माणूस. लिस्बनमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले आणि त्यांनी त्याला गोव्याच्या कारभाराचा प्रमुख नेमलं. पोर्तुगीज राजवटीत हा मान मिळालेला तो पहिला गोवेकर. जानेवारी १८३५ मध्ये त्याने सूत्रं हाती घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत लष्कराने त्याला उलथून मुंबईकडे घालवलं. त्याला मानणाऱ्या शिपायांनी तेरेखोलचा आधार घेतला. किल्ला पडला तेव्हा आतल्यांची कत्तल झाली. शाळेच्या पुस्तकात या माणसाला फार तर एक ओळ मिळते. मला ते सलतं. देशी माणसाच्या हाती कारभार आला तर तो किती दिवस टिकू दिला जातो, याचा धडा गोव्याला तेव्हाच मिळाला होता.

दुसरी वेळ १५ ऑगस्ट १९५४. आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींची एक तुकडी किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा चढवला. पोर्तुगीज शिपायांनी त्यांना धरून नेलं आणि झेंडा उतरवला. पण तो फडकला, हे सगळ्या पंचक्रोशीने पाहिलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या हद्दीवर ठिकठिकाणी धडकले. आमच्या तालुक्यात पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल छातीवर गोळी झेलून पडले. तेरेखोलच्या बाजूला पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांनी प्राण दिले. हिरवे गुरुजी शिक्षक होते. मीही शिक्षक होतो. त्यांचं नाव मी वाचून दाखवलं तेव्हा मुलगा पायातल्या चपला काढून उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या ऑगस्टनंतर भारताने सीमा बंद केली, आणि याचा हिशेब कुठल्या इतिहासात नीट मांडलेला मला आढळत नाही. माझी आजी रेडीची. रेडी म्हणजे तेरेखोलच्या डोंगराच्या मागचं गाव. मधे टेकाड उतरलं की आलंच. पेडणे आणि पलीकडची रेडी, शिरोडा, आरोंदा, सातार्डा या गावांची सोयरिक पिढ्यानपिढ्यांची आहे. बोली जवळजवळ एक, देव एकमेकांचे भाऊबहीण, दशावतार तोच. आजी होडीने पार होऊन माहेरच्या जत्रेला जायची. १९५५ नंतर ही मोकळीक गेली, ती १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत परत आली नाही. तिचा भाऊ वारला तेव्हा निरोप तिला दिवस उलटून गेल्यावर कळला. ती तक्रार करत नसे. पण मुक्तीनंतर पहिल्यांदा पार झाली तेव्हा तिने नदीला नारळ दिला, हे आईच्या तोंडून मी ऐकलं आहे.

रेघेमुळे माणसं अडली तसं त्याआधी मीठही अडलं होतं. १८७८ च्या करारान्वये इंग्रजांनी गोव्यातल्या मिठाचा ताबा घेतला होता, १८९२ पर्यंत. आणि पलीकडे शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रातल्या मोठ्या सत्याग्रहांपैकी एक. त्या वेळी शिरोड्याच्या शाळेचे मुख्याध्यापक वि. स. खांडेकर होते. १९२० ते १९३८ ही त्यांची शिरोड्याची वर्षं. तेरेखोलवरून ते गाव इतकं जवळ आहे की चहा तिथे जाऊन घ्यावा.

आम्हीही तेच केलं. किल्ल्यावरून उतरून रेडीला गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं. ही दोन हातांची भव्य मूर्ती १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीच्या परिसरात सापडली. डिचोलीच्या माणसांना खाणीचं काही नवल नाही, त्यांचा अर्धा तालुका खणलेला आहे. पण खाणीतून देव वर आला याचं मेहुणीला अप्रूप वाटलं. पुढे शिरोडा, मिठागरं, आणि आरवलीचा वेतोबा. आरवली हे जयवंत दळवींचं गाव. वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यातून नवस फेडायला येणाऱ्यांची तिथे सतत ये-जा असते. बायकोने केळी वाहिली आणि दिवस मावळायच्या आत आम्ही परत धक्क्यावर आलो.

आता तेरेखोलबद्दल थोडं आजचं. किल्ल्यात बरीच वर्षं हॉटेल चाललं. डोंगराच्या पठारावर गोल्फचं मैदान आणि रिसॉर्ट करायचा घाट घातला गेला, तेव्हा पिढ्यानपिढ्या काजू राखणाऱ्या कुळांनी आणि मुंडकारांनी त्याला विरोध केला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. केरी ते तेरेखोल पुलाचं काम सुरू झालं आणि तेही वादात अडकलं. मोपाचा विमानतळ २०२३ च्या आरंभी सुरू झाल्यापासून आमच्या तालुक्यात जमिनीला जो भाव आला आहे, तो पाहता या डोंगरावर पुन्हा कोणाची तरी नजर जाणार, यात मला शंका नाही. माझं मत स्पष्ट आहे. हा डोंगर तिथे राहणाऱ्या माणसांचा आणि तिथे मेलेल्या माणसांचा आहे. एका सहलीपुरतं सौंदर्य विकत घेणाऱ्याचा त्यावर पहिला हक्क नाही. जे येतील त्यांनी जरूर यावं, राहावं, मासळी खावी, संध्याकाळी तटावर बसावं. गावातल्या चार घरांना त्यातून मिळकत झाली तर मला आनंदच आहे. फक्त किल्ल्यात शिरताना आपण कुठे शिरतो आहोत ते त्यांना कळायला हवं. त्यासाठी मराठी आणि कोंकणीतला एक मोठा, वाचता येईल असा फलक पुरेल. १७४६, १८३५, १९५४, १९५५ : एवढ्या चार सालांची हकिकत त्यावर असावी.

पेडणे आणि डिचोलीतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा शाळेची सहल निघते, ती बहुधा पाण्याच्या खेळांच्या बागेत नाहीतर मॉलमध्ये जाते. एक वर्ष ती तेरेखोलला न्या. सकाळी हळर्णचा किल्ला, मग केरीचा धक्का, बोटीने पार, किल्ला आणि स्मारक, परतताना पत्रादेवी. पावसाळ्यात नदी फुगलेली असते, म्हणून दिवाळीनंतरचे महिने निवडा आणि भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. सगळं एका दिवसात होतं, आणि फेरीबोटीत चालत चढणाऱ्या मुलांना तिकीट पडत नाही.