पत्र्याचे आयुष्य

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा इतिहास सांगताना तिच्या इंजिनाचे गुणगान होते. तिच्या पत्र्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. वस्तुतः तिचे आयुष्य पत्र्यानेच ठरविले. इंजिन झिजले तर पिस्टन बदलता येतो; पण अंगच गंजून गेले तर इंजिन बसवायचे कशावर?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ च्या सुमारास फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या गुबगुबीत आकारामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ साली ‘डिलाइट’ आली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नामकरण ‘पद्मिनी’ असे झाले. परवाना-पद्धतीच्या त्या काळात नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती असलेली गाडी टिकविणे हा शौक नव्हता, ती निकड होती. टॅक्सीवाल्याच्या घरची तर चूलच तिच्यावर पेटत असे.

या गाडीच्या बांधणीत एक गोम होती. १९५३ च्या मूळ इटालियन रचनेप्रमाणे तिला स्वतंत्र चासी नव्हती. तळ, दारांखालचे पोकळ उंबरठे, खांब आणि छत मिळून सारा भार पेलत. म्हणजे पत्रा हे तिचे केवळ वस्त्र नव्हते, तो तिचा अस्थिपंजर होता. त्यात मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस! पोकळीतील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे चिखलाने बुजली की ओल आतच राही आणि पत्रा आतून खाल्ला जाई. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेले असे.

यावर मार्ग दोन होते. पहिला सोपा: गंजावर लांबी भरायची, घासायची आणि वर रंग मारायचा. गाडी नव्यासारखी दिसे. परंतु लांबी भार पेलत नाही आणि तिच्याखाली गंज आपले काम चालूच ठेवतो. दुसरा मार्ग कष्टाचा: निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजलेला भाग कापून काढायचा आणि तेथे नवा जोडायचा. उंबरठा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार द्यावा लागे, नाहीतर गाडी मधोमध खचे. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. वेल्डिंगचे टाके अंतराअंतराने घालायचे, कारण उष्णतेने पत्रा वाकतो. मधून मधून दार लावून पाहायचे. शेवटी पोकळीत गंजरोधक लेप द्यायचा आणि छिद्रे मोकळी ठेवायची.

पण निरोगी पत्रा आणायचा कोठून? गाडीचे बाह्यरूप दीर्घकाळ फारसे बदलले नाही, हे येथे उपयोगी पडले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोर बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांची दारे, मडगार्ड, डिकीची झाकणे मिळत. जाणता डेंटर खिशात लोहचुंबक ठेवी. चुंबक जेथे चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी आहे हे त्याला कळे. जे मिळत नसे ते तो सपाट पत्र्यातून हातोडी आणि डॉलीने स्वतःच घडवी. या अनामिक कारागिरांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत; पण त्यांच्या टाक्यांवर विसंबून या शहराने किती वर्षे प्रवास केला!

पुढे काळ पालटला. १९८३ साली मारुती ८०० आली, शतक सरताना पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सीला २००८ साली पंचवीस वर्षांची आणि २०१३ साली वीस वर्षांची वयोमर्यादा लागली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. मोडीत निघणाऱ्या टॅक्सी जोवर होत्या, तोवर उरलेल्या गाड्यांना सुटे भाग मिळत होते. आता तो झराही आटत चालला आहे.

इंग्लंडमध्ये ‘एमजीबी’ या गाडीचे उत्पादन १९८० साली बंद पडले. तरी ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून जुन्याच साच्यांवर तिचे सांगाडे पुन्हा घडविले. साचा जपणे हेही इतिहास जपणेच होय, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे साच्याचे काम माणसांच्या हातांनी केले. ते हात आज थकले आहेत.

वाचकहो, गंज झाकणे वेगळे आणि गंज काढणे वेगळे. पहिल्याला दिवसभराचे काम पुरते. दुसऱ्याला धीर लागतो, खर्च लागतो आणि आत काय दडले आहे ते उघडून पाहण्याचे धाडस लागते. ज्यांनी हा दुसरा मार्ग धरला, त्यांच्यापाशी बसून ती विद्या शिकून घेणारा कोणी तरुण आपल्या घरात आहे काय, एवढेच आम्ही विचारू इच्छितो.