उत्क्रांतीचा धडा : वाद काय, आणि आपल्या मुलांनी काय शिकायचं?

दहावीच्या पुस्तकातून डार्विन काढला, अशी बातमी आल्यापासून बऱ्याच पालकांचा गोंधळ उडाला आहे. म्हणून या वादाची नेमकी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

वादाची ठिणगी : जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, त्यामुळे अभ्यासक्रम बदलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडलं. मुळात आजच्या माकडापासून माणूस झाला, असं हा सिद्धांत सांगतच नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एकच होते, एवढंच तो सांगतो.

धडा कुठे गेला? : कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने २०२२ मध्ये दहावीतला उत्क्रांतीचा भाग वगळला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. बारावीत हा विषय आहेच, असं सरकारचं उत्तर. पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो शिकायलाच मिळत नाही, ही खरी अडचण.

राज्य मंडळाचं काय? : २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या दहावी ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. म्हणजे एनसीईआरटीचा बदल राज्य मंडळाच्या या पुस्तकाला लागू नाही.

ईमानचा प्रश्न : हजरत आदम (अलैहिस्सलाम) यांच्याबद्दलची आपली श्रद्धा आणि हा धडा, यांचा मेळ कसा घालायचा, हा सवाल घराघरांत विचारला जातो. मुस्लिम अभ्यासकांत यावर एकमत नाही. काही जण उत्क्रांती पूर्ण नाकारतात, काही माणूस सोडून बाकी जीवांसाठी ती मानतात, तर काहींना दोन्हींत विरोध दिसत नाही. ती चर्चा घरात, जाणकार आलिमांसोबत जरूर करा.

पण धडा ऑप्शनला टाकू नका. ‘नीट’च्या अभ्यासक्रमातही उत्क्रांती आहे, आणि डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना ती टाळता येणार नाही. परीक्षेत समज तपासली जाते, ईमान नाही.