दिव्याखालचं घमेलं

मूर्तिजापूरकडच्या वावरात प्रकाश सापळा म्हणजे तीन काठ्यांच्या तिवईला टांगलेला बल्ब आणि त्याखाली रॉकेल टाकलेल्या पाण्याचं घमेलं. बघणारा बल्बच बघतो. माझं म्हणणं असं की दिवा तर माणसाकडे होताच. खरा शोध लागला तो घमेल्याचा.

हे डोक्यात भरवलं कोलुमेल्लाने. पहिल्या शतकातला हा रोमन शेतीलेखक, मूळचा स्पेनमधल्या काडिझचा. आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या नवव्या भागात तो मधमाश्यांच्या पोळ्यांना छळणाऱ्या पतंगांवर इलाज सांगतो. पतंगांचा सुकाळ असेल तेव्हा संध्याकाळी पोळ्यांच्या मधोमध धातूचं उंच, अरुंद भांडं ठेवायचं आणि तळाशी दिवा सोडायचा. भांडं कसलं, तर पाणी तापवायचं. आपला बंबच म्हणा ना! पतंग आत उतरतात, ज्योतीभोवती फिरतात, अरुंद जागेतून वर निसटता येत नाही आणि होरपळतात. म्हणजे आज कपाशीत दिसणाऱ्या या सापळ्याचा मूळपुरुष मधाच्या राखणीला होता.

चीनचा दावा तगडा आहे. ७१६ साली टोळधाड आली तेव्हा तांग दरबारचा मंत्री याओ छोंग याने रात्री जाळ करून शेजारी खड्डे खणायला लावले. जाळाकडे आलेले टोळ जाळायचे आणि तिथेच पुरायचे. आधाराला त्याने ‘शिचिंग’ या फार जुन्या काव्यसंग्रहातला दाखला दिला. पण त्या काव्यात किडी आगीच्या हवाली होतात एवढंच, खड्डा नाही. खड्डा म्हणजेच घमेलं. म्हणून वडीलकीचा मान मी कोलुमेल्लालाच देतो.

दुसरा दावेदार घरचा. दिवाळीच्या पणत्या म्हणजे पूर्वजांचं कीडनियंत्रण, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोह पडतो खरा, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येचं. चांदण्या रात्री सापळ्यात किडे कमी पडतात हे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या सी. बी. विल्यम्स यांनी मोजून दाखवलं आहे, आणि अमावास्येच्या आसपास बोंडअळीच्या अंड्यांवर नजर ठेवा, असं वऱ्हाडातही सांगतात. तरी मला हे पटत नाही. पणती उंबरठ्यावर असते, धुऱ्यावर नाही, आणि तिच्याखाली पाणी नसतं. २०२४ च्या एका संशोधनानुसार किडे दिव्यावर भाळतच नाहीत. उडताना पाठ उजेडाकडे करायची त्यांची सवय, तीच त्यांना दिव्याभोवती अडकवून ठेवते. असा गरगरणारा किडा धरायला खाली काही नसेल, तर दिव्याने पाहुणे गोळा केले, एवढंच.

पुढचं झटपट सांगतो. १८७९ साली अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ कॉमस्टॉकच्या कपाशीवरील किडींच्या अहवालात शेतातल्या दिव्यांची चर्चा आली. १९५० मध्ये रॉबिन्सन बंधूंनी पाऱ्याच्या वाफेचा दिवा सापळ्यात बसवला.

आता पुन्हा आपल्या कपाशीकडे. गुलाबी बोंडअळीला शास्त्रीय नाव मिळालं १८४३ मध्ये, तेही भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. ही अळी सरकीत दडून राहते, म्हणून जिनिंगच्या आवारातही सापळे लावायला सांगतात. २०१७ मध्ये तिने बीटी कपाशीलाही जुमानलं नाही, तेव्हा विदर्भात सापळ्यांची पुन्हा आठवण झाली. कामगंध (फेरोमोन) सापळा एकाच जातीचे नर धरतो. प्रकाश सापळ्यात घाटेअळीचे पतंग पडतात, पहिल्या पावसानंतर निघणारे हुमणीचे भुंगेरे पडतात, आणि त्यांच्यासोबत ढालकिडा, क्रायसोपा हे आपले मित्रही. म्हणून संध्याकाळचे तीन-चार तासच तो लावायचा. लोडशेडिंगवर उतारा म्हणून सोलर पॅनल आलं, तरी मित्रांचा प्रश्न राहिलाच. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संस्थेने तो सोडवायला सापळ्यात बारीक मित्रकिडींना बाहेर पडायची वाट ठेवली. दुरुस्ती झाली ती पुन्हा दिव्याखालच्या भांड्यातच.