कॉमन्स सभेच्या वहींतील एक गहाळ पान

ता. १८ डिसेंबर १६२१ (जुनी इंग्रजी कालगणना) रोजीं इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें एक निषेधपत्र आपल्या रोजकामाच्या वहींत नोंदविलें. वाद युवराजाच्या स्पॅनिश विवाहावरून पेटला होता. सभेचे हक्क राजकृपेनें मिळालेले, असें पहिल्या जेम्सचें म्हणणें. ते प्रजेचें पुरातन, वारसाहक्काचें वतन आहे व राज्य, देशरक्षण, धर्म यांविषयीं मोकळेपणें बोलण्याचा अधिकार प्रत्येक सभासदास आहे, असा या पत्राचा आशय. संध्याकाळीं मेणबत्त्यांच्या उजेडांत, एकतृतीयांश सभासदही हजर नसतां हें काम उरकलें, असा राजाचा आक्षेप होता. सर एडवर्ड कोक यांस लवकरच टॉवरमध्यें कैद केलें. ता. ३० रोजीं राजानें वही मागविली आणि प्रिव्ही कौन्सिल व न्यायाधीश यांच्यासमक्ष तें पान स्वहस्तें काढून टाकलें. गहाळ पानाबद्दल आपण वाळवीस दोष देतों. येथें वाळवी सिंहासनावर बसली होती!

मौज अशी कीं, या कृत्याची नोंद कौन्सिलच्या दप्तरांत करण्याचा हुकूमही त्यानेंच दिला. निषेधपत्राचा मजकूर नकलांच्या रूपानें टिकला, आणि १६५९ मध्यें रशवर्थनें तो आपल्या संग्रहांत छापला.